गृहमंत्री महोदय, तोंडी सूचनेवर कार्यक्रम बंद पाडणं थांबवा

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,
स.न.वि.वि.

मी अंबाजोगाईच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. युवक महोत्सवासाठी आणि स्नेहसंमेलनासाठी मुलांकडून भारूड, पोवाडा, लोकनाट्य, प्रहसन बसवून घेण्याचं कामही माझ्याकडंच असतं. त्या अनुभवातून आपल्याकडं एक मागणी करतो आहे. एखाद्या कार्यक्रमामुळं, कवितेमुळं किंवा भाषणामुळं भावना दुखावल्या असं सांगत कुणी ठाण्यात आलं, तर पोलिसांनी काय करायचं आणि काय करायचं नाही, याचं लेखी परिपत्रक काढा. फोनवरून कार्यक्रम थांबवायला लावण्याची जी रीत आमच्याकडं रुळली आहे, ती बंद करा.

ही रीत कशी चालते ते सांगतो. तालमीची एखादी क्लिप व्हॉट्सॲपवर फिरते. पाच-सहा जण ठाण्यात निवेदन देतात, देतानाचा फोटो काढतात, तो संध्याकाळपर्यंत तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर पोचतो. निवेदनाच्या शेवटी ठरलेलं वाक्य असतं: अनुचित प्रकार घडल्यास सर्वस्वी जबाबदारी प्रशासनाची राहील. मग ठाण्यातून प्राचार्यांना फोन येतो. भाषा बहुतेक वेळा अदबीची असते. 'सर, वातावरण बरं नाही, तेवढा आयटम वगळा.' प्राचार्य वगळतात. कागदावर काहीच येत नाही. लेखी आदेश नसल्यामुळं खंडपीठात दाद मागायची तर कशाविरुद्ध मागायची, हाच प्रश्न असतो. आयोजकानं फार ताणलं तर त्याच्या हातात नोटीस पडते. पूर्वी तिला सगळे १४९ ची नोटीस म्हणत, आता ती नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली निघते. शांतता भंगली तर तुम्हाला जबाबदार धरू, असं तिच्यात लिहिलेलं असतं. धमकी एकानं द्यायची आणि नोटीस दुसऱ्याला, हा कुठला न्याय?

आमच्या कॉलेजातलंच सांगतो. आम्ही नाथांचा हिंदू-तुर्क संवाद बसवत होतो. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात लिहिलेली ही रचना आहे. तीत एक हिंदू आणि एक तुर्क भर रस्त्यात भांडतात. एकमेकांच्या देवाधर्माची, पूजेची, रीतिरिवाजांची कसलीही भीड न ठेवता उलटतपासणी करतात, आणि शेवटी एकमेकांना नमस्कार करून आलिंगन देतात. फिरलेल्या क्लिपमध्ये फक्त भांडण होतं, आलिंगन नव्हतं. आधी एका बाजूचं निवेदन आलं, दोन दिवसांत दुसऱ्या बाजूचंही आलं. दोघांनीही संहिता वाचलेली नव्हती. मी ती घेऊन ठाण्यात गेलो. साहेबांनी ती आदरानं चाळली, नाथांना हात जोडले आणि म्हणाले, 'मला कळतंय हो सर, पण उद्या दगड पडला तर मला वर उत्तर द्यावं लागेल.' प्रयोग झाला नाही.

मला त्या अधिकाऱ्याचा राग नाही. दगड पडला तर त्यालाच विचारतात. प्रयोग बंद पडला तर त्याला कुणी विचारत नाही. परिपत्रकानं हे बदलायला हवं.

त्या संवादात तुर्काची भूमिका करणारा मुलगा ऊसतोड कामगारांचा. दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडं जातात आणि हा आजीजवळ राहून शिकतो. पहाटे पाचला मैदानावर सोळाशे मीटर पळतो, कारण त्याला पोलीस भरतीत उतरायचं आहे. निवेदनं आल्यावर, कुणी सांगायच्या आधीच तो माझ्याकडं आला. 'सर, मला काढा. एफआयआरमध्ये नाव आलं तर व्हेरिफिकेशनला अडकंल.' आपल्या खात्यात दाखल होण्याची स्वप्नं बघणारं हे लेकरू आपल्या खात्याच्या भीतीनं नाथांचे शब्द बोलेना. धार्मिक भावना दुखावल्याबद्दलचं भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. निकाल काहीही लागो, गुन्हा दाखल झाला की भरतीची दोन-तीन वर्षं गेली, आणि वयोमर्यादा कुणासाठी थांबत नाही. शहरातल्या नामांकित लेखकावर गुन्हा झाला तर वकील उभे राहतात, बातम्या होतात. बीड, हिंगोली, जालन्याच्या खेड्यातल्या पोराच्या मागं कोण उभं राहणार? म्हणून इथं गुन्हा दाखल करायचीही गरज पडत नाही. नुसत्या शक्यतेनं काम होतं.

आणि ही भूमी कुणाची, तेही ध्यानात घ्या. गंगाखेडच्या जनाबाईनं विठ्ठलाला 'कारट्या' म्हणत शिव्या घातल्या, आणि तेच अभंग वारकऱ्यांनी सातशे वर्षं टाळ वाजवत गायले. नाथांच्या भारुडातली सून भवानीला रोडगा वाहीन म्हणते आणि नवस काय करते, तर सासरच्या एकेका माणसाची वाट लावण्याचा. तुळजापूरची भवानी ज्यांची कुलदेवता आहे त्याच बाया हे भारूड ऐकून पदराआड हसतात. इथला भक्त देवाशी भांडतो, त्याला टोमणे मारतो, आणि त्यानं त्याची श्रद्धा उणावत नाही. ज्या श्रद्धेला एवढं पचलं, तिला बारावी-बीएच्या पोरांच्या दहा मिनिटांच्या प्रयोगानं तडा जातो, हे मला पटत नाही.

आता दुसरी बाजू. तीही मी तितक्याच तळमळीनं सांगणार आहे, कारण 'काहीही बोलायची मोकळीक द्या' अशी माझी मागणी नाही. प्रहसनात तोतऱ्या माणसाची नक्कल करायची, तृतीयपंथीयांची टर उडवायची, काळ्या रंगाच्या पोरीवर विनोद करायचा आणि टाळ्या घ्यायच्या, हे आमच्याच स्टेजवर वर्षानुवर्षं चाललं. जातीवरून हिणवणाऱ्या म्हणी शिक्षकांच्या तोंडी सहज असत. आज मुलंच म्हणतात, सर हे नको. मागं तालमीत एका मुलीनं सांगितलं, 'माझा भाऊ असा बोलतो, त्याला घरी काय वाटंल?' आम्ही तो प्रवेश काढला आणि नवा लिहिला. तो जास्त रंगला. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला, तोही योग्यच होता. आपला पत्ता सांगताना माणसाला मान खाली घालावी लागू नये. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या बोलू दिलं नाही त्याच्याविषयी बोलताना जीभ आवरणं ही माणुसकी आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, त्यातला काना-मात्राही कमी होऊ नये.

पण ही काळजीसुद्धा कधी कधी उलटी फिरते. आमचं एक लोकनाट्य गावातल्या जातीय अत्याचारावर होतं. लिहिणारा मुलगा त्याच समाजातला, घटना त्याच्या आजोबांवर गुदरलेली. त्यातला पाटील आजोबांना ज्या शब्दानं हाक मारतो तो शब्द काढा, असं एका मान्यवरांनी सुचवलं. कुणाच्या भावना दुखावतील म्हणे. मुलगा म्हणाला, 'तो शब्द आमच्या आज्यानं जन्मभर ऐकला. तुम्हाला तासभर ऐकवत नाही?' तो शब्द काढला असता तर अत्याचार करणारा सभ्य झाला असता आणि सोसणाऱ्याचं सोसणं खोटं वाटलं असतं. आम्ही शब्द ठेवला. माणसाला हिणवण्यासाठी शब्द वापरणं वेगळं आणि हिणवणाऱ्याला उघडं पाडण्यासाठी वापरणं वेगळं. हा फरक गावातल्या कुठल्याही शहाण्या माणसाला कळतो. ठाण्यातल्या अर्जावर मात्र दोन्ही सारखेच दिसतात.

आपण म्हणाल, मराठवाड्याचं वातावरण नाजूक आहे. आहेच. गेल्या काही वर्षांत आरक्षणाच्या प्रश्नावरून गावागावांत जी दरी पडली ती आम्ही रोज बघतो. स्टेटसवरून बाजारपेठ बंद होते, शेजारी शेजाऱ्याच्या दुकानात जायचं थांबतो. म्हणून तर म्हणतो की दुखावलेल्यांपुढं नमतं घेतल्यानं शांतता येते का, हे मराठवाड्यालाच विचारा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. काहींची अस्मिता दुखावली. दलित वस्त्या जाळल्या, पोचिराम कांबळे यांच्यासारखी माणसं मारली गेली. सरकारनं ठराव बाजूला ठेवला. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधली सगळी वर्षं ज्यांची घरं जळाली त्यांनीच वाट पाहिली. त्या वेळी दुखावलेले कोण होते आणि सोसलं कुणी? दुखावल्याची दखल घ्यायची म्हटलं की ज्याच्यामागं जास्त माणसं त्याचंच दुःख आधी मोजलं जातं. पालावर राहणाऱ्या भटक्यांच्या भावना रोज दुखावतात, त्यांचं निवेदन घ्यायला मात्र ठाण्यात खुर्ची पुढं केली जात नाही.

लातूरचं उदाहरणही फार लांबचं नाही. १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अंकात गांधीजींवरची एक कविता छापली गेली. तक्रार झाली, खटला लातूरच्या न्यायालयात उभा राहिला. अंकाच्या प्रकाशकानं माफी छापली होती, तरी त्याला मोकळं व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल लागला. कवीवरचा अश्लीलतेचा खटला तर न्यायालयानं पुढं चालूच ठेवला. कवितेच्या गुणदोषांवर वाद होऊ शकतो, मीही घालीन. पण एका कवितेपायी माणसांची वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्यांवर जावीत, याचं समर्थन कसं करायचं?

महोदय, मी नवा कायदा मागत नाही. आहे तो पाळा. कलम २९९ चा पूर्वज, म्हणजे जुन्या दंड संहितेचं २९५अ, १९२७ साली इंग्रजांच्या काळात आलं. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयानं ते वैध ठरवलं, पण धर्माचा मुद्दाम आणि दुष्ट हेतूनं केलेला अपमानच त्यात बसतो, असं बजावून. अनवधानानं किंवा तसा हेतू नसताना कुणी दुखावलं गेलं, तर ते कलम लागत नाही. १९८९ साली एका तमिळ चित्रपटाच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं सांगितलं की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढं अभिव्यक्ती दडपता येणार नाही. तिचं रक्षण करणं हे राज्याचं कर्तव्य आहे आणि विरोधी जमाव आवरता येत नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही. मार्च २०२५ मध्ये एका खासदारानं समाजमाध्यमावर टाकलेल्या कवितेवरचा गुन्हा रद्द करताना न्यायालयानं पुढची गोष्टही स्पष्ट केली. तीन किंवा त्याहून जास्त पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे, उपअधीक्षकांच्या परवानगीनं, चौदा दिवसांत आधी प्राथमिक चौकशी करता येते आणि शब्दांवरून तक्रार असेल तेव्हा ती करणंच योग्य. शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या सुजाण माणसाच्या नजरेनं पाहावा, प्रत्येक टीकेत स्वतःला धोका दिसणाऱ्याच्या नजरेनं नव्हे, असंही न्यायालय म्हणालं. शिवाय कलम २९९ खाली न्यायालयानं दखल घेण्यासाठी सरकारची पूर्वमंजुरी लागते. म्हणजे चावी शेवटी सरकारच्याच हातात आहे.

संरक्षण दिलं तर काय होतं हेही आम्ही पाहिलं आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाला बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचं निमंत्रण विरोधाच्या भीतीनं मागं घेतलं गेलं. पुढच्याच वर्षी उस्मानाबादेत, आजच्या धाराशिवमध्ये, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. ख्रिस्ती धर्मगुरू मराठी संमेलनाचा अध्यक्ष कसा, म्हणून विरोध झाला. तरी संमेलन झालं, फादर आजारी असूनही आले, मनातलं बोलले, आणि दुष्काळी जिल्ह्यातली माणसं मंडप भरून ऐकत बसली.

तेव्हा परिपत्रकात एवढं असू द्या. कार्यक्रमाविरुद्ध निवेदन आलं तर पोलिसांची काही सूचना असेल ती लेखी, कारणासह आणि अधिकाऱ्याच्या सहीनं द्यावी, फोनवर नको. हिंसेची धमकी असेल तर नोटीस धमकी देणाऱ्याला जावी आणि बंदोबस्त कार्यक्रमाला मिळावा. प्राथमिक चौकशीआधी विद्यार्थ्यावर गुन्हा नोंदवू नये, आणि चौकशीत पूर्ण संहिता किंवा पूर्ण चित्रीकरण पाहावं, फिरलेली क्लिप नव्हे. नाटकाची संहिता आधी तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र हातात असलेला प्रयोगही निवेदनावर थांबणार असेल, तर लेखकाला त्या मंडळापुढं उभं करण्यात तरी काय अर्थ? त्याचंही उत्तर सांस्कृतिक कार्य खात्याशी बोलून द्यावं.

आणखी एक. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत गेल्या दहा वर्षांत २९५अ आणि २९९ खाली किती गुन्हे नोंदले गेले, त्यांतल्या कितींना सरकारनं मंजुरी दिली, किती सिद्ध झाले आणि किती आरोपी पंचविशीच्या आतले होते, हे येत्या अधिवेशनात सभागृहापुढं ठेवावं.

आमची पुढच्या युवक महोत्सवाची तयारी सुरू झाली आहे. हिंदू-तुर्क संवाद यंदा पुन्हा घेतला आहे. प्रयोगाची तारीख ठरली की आपल्या कार्यालयाला आणि स्थानिक ठाण्याला पूर्ण संहितेसह कळवीन. आपण किंवा आपले अधिकारी तो बघायला यावेत, ही विनंती.

आपला विश्वासू,
मराठीचा एक प्राध्यापक
अंबाजोगाई, जि. बीड