प्रिय कंडक्टर काका

प्रिय कंडक्टर काका,

तुमच्या निवृत्तीचं कळलं त्याच दिवशी मी चार ओळींचं इंग्रजी कार्ड लिहून इंजिनाच्या पायरीशी तुमच्या हातात दिलं. तुम्ही ते कोटाच्या आतल्या खिशात जपून ठेवलंत आणि लगेच विचारलंत, "आज तुझे दोन रिकामे डबे न्यायचेत ना?" त्या चार ओळींत माझं काहीच मावलं नव्हतं. म्हणून हे पत्र मराठीत. तुम्हाला ते वाचता यायचं नाही, पण भुसावळला माझे अण्णा वाचतील, माझ्या मैत्रिणी वाचतील. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते माझ्या माणसांना कळायला हवं.

आमच्याकडे कंडक्टर काका म्हणजे एसटीतले, खांद्याला चामडी बॅग लावलेले. अमेरिकेतल्या मालगाडीचा कंडक्टर म्हणजे गाडीचा कारभारी. कुठला डबा कुठे सोडायचा, कुठला उचलायचा, गाडी दुसऱ्या रुळावर वळवणारा सांधा कधी फिरवायचा, हँडब्रेक कुणाचा लावायचा, सगळं त्याच्याकडे. आपल्या गार्डसारखाच, पण इथल्या मालगाड्यांना आता गार्डाचा डबा नसतो, शेवटच्या डब्यावर नुसता लाल दिवा लुकलुकतो. तुमच्या गाडीवर माणसं दोनच, इंजिन चालवणारे आणि तुम्ही. ते बसून असतात. तुम्ही मात्र दिवसाचे कितीतरी तास पायीच असता, खडीवरून, चिखलातून, बर्फातून.

तुमची लाइन उणीपुरी अठरा मैलांची. एका टोकाला मोठ्या रेल्वेशी जोड, दुसऱ्या टोकाला धान्याची कोठारं, आणि मधे ओहायोतली मका-सोयाबीनची शेतं. अशा लाइनला इथे शॉर्टलाइन म्हणतात. एके काळी ही एका मोठ्या कंपनीची शाखा होती. या भागातल्या रेल्वे कंपन्या एकामागून एक दिवाळखोरीत गेल्या, १९७६ साली सरकारने त्यांची मोट बांधून कॉनरेल उभी केली, आणि १९८०च्या स्टॅगर्स कायद्यानंतर कमी मालाच्या शाखा विकणं किंवा बंद करणं सोपं झालं. ज्या शाखांना गिऱ्हाईक मिळालं नाही त्यांचे रूळ उखडले गेले. ज्यांना मिळालं त्या शॉर्टलाइन म्हणून जगल्या. आज देशभरात अशा सहाशेच्या आसपास आहेत. आमच्या कारखान्यामागच्या रुळाच्या कडेला १९२३ साल उठवलेलं आहे. पहिल्यांदा ते तुम्हीच बर्फ पुसून मला दाखवलंत. त्या काळच्या हलक्या रुळावरून आजचा भरलेला डबा, सगळं वजन धरून १३० टनांचा, ताशी दहा मैलांपेक्षा जोरात न्यायचा नाही, हेही तेव्हाच सांगितलंत.

आमचा कारखाना प्लास्टिकची फिल्म बनवतो. कच्चा माल म्हणजे साबुदाण्याएवढे पांढरे दाणे. टेक्सासहून बंद हॉपर डब्यातून येतात, एका डब्यात नव्वद टनांच्या आसपास. तेवढ्याला चार ट्रक लागतात. तो माल मागवणं, कुठवर आला ते बघणं, रिकामा डबा परत लावणं हे माझं काम. कामाला लागले तेव्हा मला दाण्यांची माहिती होती, हिशेबाची होती, रेल्वेची मात्र नव्हती. सांधेवाल्याची मुलगी असून नव्हती.

पहिल्या महिन्यातली ती दुपार मी कुणाला सांगितलेली नाही, अण्णांनाही नाही. आमच्या साइडिंगवर, म्हणजे मुख्य लाइनीतून कारखान्यात येणाऱ्या रुळावर, दोन डबे उभे होते, मधे हातभर फट. पलीकडच्या डब्याचा नंबर घ्यायचा होता, म्हणून मी त्या फटीतून जायला निघाले. तुम्ही लांबून इतक्या मोठ्याने ओरडलात की कोठारावरची कबुतरं उडाली. मी जागच्या जागी थिजले. तुम्ही आधी रेडिओवर इंजिनवाल्यांना थांबवलंत, त्यांनी तीनही गोष्टी केल्या का ते विचारून घेतलंत: ब्रेक लावला, दिशेचा दांडा मधे आणला, वीज तोडली. मगच माझ्याकडे आलात. मला वाटलं आता बोलणी बसणार. तुम्ही फक्त म्हणालात, "उभ्या डब्याच्या टोकापासून पंचवीस फूट. नेहमी. मी नसलो तरी." मग माझ्याबरोबर पंचवीस फूट चालून दाखवलंत. माझी दहा पावलं होतात.

काका, भुसावळच्या यार्डात अण्णांबरोबरचे एक सांधेवाले दोन डब्यांच्या बफरमधे सापडून गेले. मी तेव्हा सातवीत होते. त्या संध्याकाळी अण्णा घरी आले आणि चपला न काढता ओट्याशी तसेच उभे राहिले. आई दोनदा "हातपाय धुवा" म्हणाली, त्यांना ऐकूच गेलं नाही. त्यानंतर आम्हा भावंडांना त्यांनी एकच गोष्ट शंभर वेळा बजावली, की उभ्या गाडीवर विश्वास ठेवायचा नाही. आणि मी सातासमुद्रापार येऊन नेमकं तेच विसरले होते. त्या दिवशी तुम्ही नसता तर हे पत्र लिहायला मी नसते. उपकाराचा हा आकडा कुठल्याच वहीत मांडता येत नाही.

त्यानंतर तुम्ही मला शिकवत गेलात, शिकवतोय असं कधी न दाखवता. डब्याच्या नंबराआधीची अक्षरं मालकाची, शेवटचं अक्षर एक्स असलं तर डबा रेल्वेचा नाही, खासगी. रिकामा झालेला डबा त्याच दिवशी कळवायचा, नाहीतर तो इथेच अडकतो आणि तिकडे टेक्सासला भरायला डबा उरत नाही. आमच्या साइडिंगचा सांधा उलट्या तोंडाचा आहे हेही तुम्हीच समजावलंत. इंजिन पुढे आणि डबे मागे असे आलात तर आधी इंजिनच साइडिंगमध्ये शिरेल आणि तिथेच कोंडलं जाईल. म्हणून आमचा डबा आधी कारखान्यावरून पुढे कोठारांपर्यंत जातो आणि परतीच्या फेरीत आत ढकलला जातो. तोवर मी दर वेळी खिडकीतून बघत बसायचे, की माझा डबा समोरून निघून कसा गेला, आणि चिडून फोन करायचे. माझ्या प्रत्येक फोनला तुम्ही शांतपणे उत्तर दिलंत. मग एक दिवस कागदाच्या पिशवीवर पेन्सिलीने दोन रेघा आणि एक तिरकी रेघ काढून दिलीत. ती पिशवी अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

आता त्या फेब्रुवारीतल्या शुक्रवारबद्दल.

आठवडाभर आमचा एक डबा चाळीस मैलांवरच्या एका मोठ्या यार्डात अडकून होता. मी रोज फोन करत होते आणि रोज यंत्राचा आवाज सांगत होता, की आपली नोंद झाली आहे. ट्रकने माल मागवून पाहिला. रस्ते बर्फाने बंद, दोन-तीन दिवस नाही म्हणाले. सायलोचा, म्हणजे दाण्यांच्या टाकीचा, काटा खाली चालला होता. माल संपला की नुसती यंत्रं थांबत नाहीत. आतलं वितळलेलं प्लास्टिक जळून बसतं, सगळं उघडून साफ करावं लागतं, आणि शनिवार-रविवारच्या पाळीची माणसं घरी पाठवावी लागतात. ताशी पगारावरची माणसं. घरी पाठवणं म्हणजे त्या दिवसाचा पैसा नाही.

दुपारी दोन वाजून गेले असतील. तुमचा फोन आला. मी केला नव्हता, तुम्ही केलात. "मोठ्या रेल्वेने आत्ता डबे सोडले. यादीत तुझा नंबर आहे, पाचवा. तुझ्याकडे किती तास आहेत?"

किती तास. आठवडाभरात मला हे एकाही माणसाने विचारलं नव्हतं. मी म्हटलं, रविवारी पहाटे तीनपर्यंत. तुमची गाडी शनिवार-रविवार चालत नाही, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. पहाटे सहाला तुम्ही कामावर आला होतात, दिवसाची फेरी करून परत आला होतात. कायद्याने बारा तास झाले की थांबायचंच, म्हणजे संध्याकाळी सहा. तुम्ही घड्याळ पाहिलं असणार, कारण क्षणभर काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "कोठारांपर्यंत जाऊन यायला वेळ नाही. मी तो इंजिनाच्या पुढे ठेवून ढकलत आणतो. तुझ्या सांध्यावरचा बर्फ काढायला कुणी असेल तर बरं."

मी आणि पाळीवरची दोन मुलं फावडी घेऊन गेलो. सांध्याच्या पात्यांमधे बर्फ दगडासारखा घट्ट बसला होता. फावड्याने निघेना, शेवटी झाडूच्या दांड्याने खरवडून काढला.

तिकडे तुम्ही काय करत होतात ते मला नंतर तुमच्या जोडीदाराकडून कळलं. पुढचे चार डबे बाजूला काढून पाचवा सोडवलात, ब्रेक लागतो-सुटतो ते तपासलंत, आणि पाच मैलांवरच्या दुहेरी रुळापाशी इंजिन फिरवून डब्याच्या मागे लावलंत. तिथून आमच्यापर्यंत दोन मैल. डबा पुढे, इंजिन मागे. इंजिनातून पुढचं काही दिसत नाही, म्हणून पुढे कुणीतरी असावंच लागतं. ते कुणीतरी तुम्ही.

पावणेपाचच्या सुमाराला वळणावर मला पहिल्यांदा तो करड्या रंगाचा डबा दिसला. त्याच्या पुढच्या टोकाला बाजूच्या शिडीवर तुम्ही उभे होतात. एक हात शिडीच्या गजाला, दुसरा रेडिओवर. शून्याखाली पंधरा अंश होते, वारा समोरून. फाटकापाशी गाडी थांबवून खाली उतरलात, रस्त्यावरच्या मोटारी थांबवल्यात, गाडी पुढे घेतलीत, पुन्हा शिडीवर चढलात. भुवयांवर बर्फाची पांढरी कड होती. सांधा तुम्ही हाताने फिरवलात, वाकून पाती रुळाला नीट चिकटलीत का ते डोळ्यांनी पाहिलंत, आणि मग रेडिओवर मोजणं सुरू केलंत. पाच डबे. तीन. दोन. एक. अर्धा. बस.

त्या मोजण्याचा अर्थ मला तोवर तुम्ही शिकवला होता. पाच डबे म्हणजे पाच डब्यांइतकं अंतर उरलं. त्याच्या निम्मं अंतर जाईपर्यंत पुढचा आकडा ऐकू आला नाही तर इंजिनवाल्याने थांबायचंच. रेडिओ बंद पडला, माणूस घसरून पडला, काहीही झालं तरी गाडी थांबणार. तुम्ही कधी आकडा चुकवला नाहीत. डबा सायलोच्या नळीसमोर असा उभा राहिला की नळी लावायला आम्हाला हातभरही सरकवावा लागला नाही.

मग हँडब्रेकचं चाक दोन्ही हातांनी आवळलंत, इंजिनाने डबा जरा ओढायला लावून तो जागेवरून हलत नाही याची खात्री केलीत, आणि मगच कपलिंग सोडलंत. मी थर्मासमधून चहा आणला होता. आलं घातलेला, आपला. तुम्ही एक घोट घेतलात, डोळे मिटलेत, म्हणालात, "वेळ नाही, पण हे फार चांगलं आहे." कप तसाच हातात घेऊन इंजिनावर चढलात. कप सोमवारी धुऊन परत आला.

त्या शनिवार-रविवारी आमच्याकडे कुणाचीही पाळी बुडाली नाही.

अण्णांना हे सगळं मी त्याच रात्री फोनवर सांगितलं. त्यांनी मधे एकदाच विचारलं, "शिडीवर दोन मैल? किती वय त्यांचं?" मी म्हटलं, साठीला आले. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला बोलायचंय त्यांच्याशी."

तो व्हिडिओ कॉल तुम्हाला आठवत असेल. मी मधे दुभाषी. दोघेही सुरुवातीला अवघडलेले. मग अण्णांनी कपाटातून टॉर्च काढली आणि शंटिंगचा इशारा करून दाखवला. हिरवा दिवा सावकाश वर-खाली, म्हणजे पुढे जा. तुम्ही मान डोलावलीत, आमच्याकडेही तसंच. मग अण्णांनी दिवा अंगासमोर आडवा हलवला, म्हणजे माझ्याकडे ये. तुम्ही खुर्चीतून जवळजवळ उठलात. तुमच्याकडे आडवा दिवा म्हणजे थांब! मी ते मराठीत सांगितल्यावर अण्णा इतके हसले की खोकला लागला, आणि तुम्हीही हसलात. मग दोघांनी मिळून बाकीचे सगळे इशारे एकेक करून तपासले. चाळीस मिनिटं. शेवटी शेवटी तर माझी गरजच उरली नव्हती. अण्णांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्या कामाबद्दल इतक्या आस्थेने त्यांना कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. त्यासाठीही तुमचे आभार, काका. किंबहुना त्यासाठी सगळ्यांत जास्त.

तुमच्या जागी येणारा मुलगा गेले दोन महिने तुमच्याबरोबर फिरतोय. परवा त्याने सांधा फिरवला आणि तुमच्यासारखंच वाकून पाती पाहिली. मी खिडकीतून बघत होते. निघताना त्याने मला विचारलं, "मॅडम, सायलोत किती तासांचा माल आहे?" त्याला हे विचारायला कुणी शिकवलं ते मला माहीत आहे.

येत्या शुक्रवारी तुमची शेवटची फेरी. आमच्यासाठी एक भरलेला डबा आहे, यादीत तिसरा, आणि दोन रिकामे न्यायचे आहेत. अण्णांनी सांगितलंय, तुम्ही निघताना मी त्यांच्या वतीने हात वर-खाली करायचा, आडवा नाही. मी सायलोपाशी उभी असेन. थर्मास घेऊन, डब्याच्या टोकापासून दहा पावलं लांब.

तुमची,
भुसावळच्या सांधेवाल्याची मुलगी