बर्ड्स नेस्ट फर्नसोबतच्या कार्डावरील चुकीच्या सूचनांबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आपल्याकडून मे महिन्यात ₹६५० ला मागवलेले बर्ड्स नेस्ट फर्न गेले. प्रवासात दगावले असते तर समजून घेतले असते. पण हाती आले तेव्हा रोप ठणठणीत होते. त्याला मारले ते सोबत आलेल्या आपल्या छापील कार्डाने.

कार्डावर लिहिले आहे, 'रोज सकाळी मधल्या खोलगट भागात अर्धा पेला पाणी ओतावे.' ही निगा ब्रोमेलियाड या वेगळ्याच रोपाची. ते पानांच्या मधोमध पाणी साठवते. या नेच्याचे मात्र नवे कोंब नेमके तिथूनच, गुंडाळी उलगडत वर येतात. तिथे पाणी साचून राहिले की गाभा कुजतो आणि रोपाची वाढच संपते. पाणी कडेने मातीला घालायचे, तेही वरचा थर जरा सुकल्यावर. आमच्याकडे कोंब आधी काळे पडले, मग बोट लागताच निघून आले. बाहेरची पाने तेव्हाही हिरवीगार होती, म्हणून आतली सड लवकर कळलीही नाही.

फोनवर उत्तर मिळाले, "मॅडम, जंगलात पाऊस मधेच पडतो ना?" पडतो. पण तिथे हे झाडाच्या खोडावर वाढते, पाणी निथळून जाते, वारा लागतो. आमच्या हॉलमध्ये यातले काही नाही. त्यात आपण कुंडी चिकट लाल मातीने ठासून भरलेली. सालीचे तुकडे आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घातले असते तर निदान मुळांना हवा मिळाली असती.

त्यावर कडी म्हणजे, पानामागच्या तपकिरी रेघांचा फोटो पाहून आपल्या तज्ज्ञांनी 'बुरशी' ठरवली आणि ₹२८० चे औषध सुचवले. त्या बीजाणूंच्या, म्हणजे ज्यांपासून नवे नेचे उगवते त्या बारीक कणांच्या, रेघा आहेत, मधल्या शिरेपासून तिरप्या, समांतर निघालेल्या. बुरशी अशी पट्टी लावून उगवत नाही. औषध अर्थातच घेतले नाही.

'सात दिवसांची हमी संपली' हे कारण पुन्हा देऊ नये. गाभा कुजल्याचे सात दिवसांत दिसतच नाही.

रोपाची पूर्ण रक्कम परत करावी, कार्ड बदलावे आणि ज्यांना ते गेले आहे त्या सर्व ग्राहकांना योग्य सूचना कळवावी. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवेन.

कळावे,
आपली ग्राहक,
ठाणे (पश्चिम)

सोबत: बिलाची प्रत, कार्डाचा व रोपाचा फोटो