डोळ्याचा कर्करोग आणि ‘स्टेम सेल’

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लहान मुलांच्या डोळ्याच्या कर्करोगावर (रेटिनोब्लास्टोमा) ‘स्टेम सेलचा उपचार’ आहे, असे ऐकून काही पालक डोळा काढण्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. दृष्टी परत येईल, अशी त्यांना आशा वाटते. पण गाठ डोळ्याबाहेर पडायला हाच उशीर पुरतो.

स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी, कर्करोग मारत नाहीत आणि नवा डोळाही घडवत नाहीत. कर्करोग मारतात ती औषधे. ती इतक्या मोठ्या मात्रेत दिली जातात की हाडांतली रक्त तयार करणारी मज्जाच जळून जाते. म्हणून मुलाच्याच रक्तातल्या मूळपेशी आधी काढून गोठवून ठेवतात आणि नंतर परत देतात. मूळपेशींसाठी दाता शोधावा लागत नाही, भावंडांच्या रक्ताची जुळणी करावी लागत नाही.

हा मार्ग आजार हाडांत, मज्जेत किंवा यकृतात पसरलेल्या मुलांसाठी आहे. बालकर्करोगावर संशोधन करणाऱ्या चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपच्या 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा मुलांचे एका वर्षानंतर आजार न उलटता जगण्याचे प्रमाण 82.6 टक्के होते; मेंदूपर्यंत पोचलेल्यांत अवघे 28.3. आजार डोळ्याच्या खोबणीत किंवा जवळच्या लसिका गाठींतच असलेल्यांचे प्रमाण 88.1 टक्के होते, आणि त्यांना मूळपेशींचे प्रत्यारोपण केलेच नव्हते. केमो आणि किरणोपचार पुरले.

आधी साध्या केमोची आवर्तने होतात. मज्जा कर्करोगमुक्त झाल्याची खात्री झाली की जी-सीएसएफ या पेशी वाढवणाऱ्या औषधाची इंजेक्शने देऊन मूळपेशी मज्जेतून रक्तात उतरवतात. मुलाच्या वजनाच्या किलोमागे किमान 20 लाख सीडी-34 पेशी (सीडी-34 ही मूळपेशींची ओळखखूण) हव्यात. दहा किलोखालच्या बाळाचे रक्तच इतके थोडे असते की रक्तातून पेशी वेगळ्या काढणाऱ्या अफेरेसिस यंत्राच्या नळ्या आधी दात्याच्या रक्ताने भराव्या लागतात. नाहीतर रक्तदाब कोसळतो. रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटने कॅल्शियम उतरते, ओठांना मुंग्या येतात. तान्ह्याला ते सांगता येत नाही, म्हणून कॅल्शियम मोजत राहावे लागते. केमोची जास्त आवर्तने होऊन मज्जा थकली की पेशी पुरेशा मिळत नाहीत, म्हणून संकलनाची वेळ पहिल्या दिवसापासून ठरवलेली बरी.

मग मोठ्या मात्रेतली औषधे: तीन दिवस कार्बोप्लॅटिन, पुढचे तीन दिवस थायोटेपा आणि इटोपोसाइड, दोन दिवस विश्रांती आणि मग पेशी. कार्बोप्लॅटिनची मात्रा मूत्रपिंडाची गाळण मोजून ठरवावी लागते. थायोटेपा घामातून बाहेर पडते आणि काखेत, जांघेत, पट्ट्यांखाली कातडी भाजते. म्हणून त्या दिवसांत दर काही तासांनी आंघोळ, कपडे-चादर बदलणे, तेल-क्रीम पूर्ण बंद. हे काम बहुतेक वेळा आईच्या हातून होते. त्याचे कारण तिला कोणीतरी नीट सांगायला हवे.

पेशी रुजायला साधारण दोन आठवडे लागतात. तोवर तोंड सोलवटते, ताप म्हणजे तातडी, आणि रक्त-प्लेटलेट विकिरणित (किरणांची प्रक्रिया) केलेलेच हवे. पूर्वीच्या लसींचा परिणाम ओसरतो. त्या पुन्हा द्याव्या लागतात.

एका गोष्टीकडे मात्र फार दुर्लक्ष होते. आधीच्या केमोतले सिस्प्लॅटिन आणि नंतरचे कार्बोप्लॅटिन, दोन्ही कानांवर घाव घालतात. ज्याचे दोन्ही डोळे गेले, त्या मुलाचे जग कानांवरच उभे असते. प्रत्येक टप्प्याआधी श्रवणचाचणी, बाळ लहान असेल तर बेरा (मेंदूचा आवाजाला मिळणारा प्रतिसाद मोजणारी चाचणी), पालकांनी मागून करून घ्यावी.

आपले,
बालकर्करोग उपचार क्षेत्रातील काही वाचक, मुंबई