वृद्धाश्रमानंतरचा प्रश्न

संपादक महोदय,

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मुले पुण्या-मुंबईला किंवा गोव्याला नोकरीस गेली आणि घरी सत्तरी ओलांडलेले आईवडील उरले, हे आता गल्लोगल्ली दिसते. त्यांच्यासाठी वृद्धाश्रम काढण्याची चर्चा अधूनमधून होते. परंतु बहुतेक वृद्धाश्रम हिंडत्या-फिरत्या माणसालाच घेतात आणि तो अंथरुणाला खिळला की 'आता घरी न्या' असा निरोप येतो. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे बाळंतपणाचे किंवा शस्त्रक्रियेचे छोटे रुग्णालय (पाटीही तशीच असते). महिनोन्‌महिने शुश्रूषा करणारी जागा, हा अर्थ त्या शब्दाला अजून चिकटलेला नाही.

ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या 2007 च्या कायद्यातील कलम 19 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांसाठी एक तरी वृद्धाश्रम असावा, असे म्हटले आहे. 2011 च्या जनगणनेतच 47 लाखांवर गेलेल्या बेळगाव जिल्ह्यात हे दीडशे म्हणजे दर्या में खसखस. सत्तरीपुढील सर्वांना 2024 पासून आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले, हे स्वागतार्हच. मात्र ते रुग्णालयातील उपचारांपुरते आणि घरी आल्यावरच्या पंधरा दिवसांपुरते. पक्षाघाताचा रुग्ण त्यानंतर वर्षानुवर्षे अंथरुणावर असतो, त्याचे काय?

आणखी एक गोष्ट सीमाभागाबाहेर कोणाला सुचणार नाही. माझ्या काकांनी रविवार पेठेत चाळीस वर्षे कन्नडमधून व्यवहार केला. पक्षाघातानंतर त्यांच्याकडे फक्त मराठी उरली, तीही तुटक. ज्या खासगी केंद्रात त्यांना ठेवले तेथील बैलहोंगलकडची मुलगी मायाळू होती, पण 'कूस वळव' हे दोन शब्द तिला कळत नव्हते आणि तिचे 'नीरु बेका' (पाणी हवे का) काकांना उमगत नव्हते. पाठीवर जखम झाली तेव्हा कोठे आम्हाला हे समजले. दोष त्या मुलीचा नव्हे. तिला पन्नासेक मराठी शब्द शिकवावेत, असे कोणाच्या मनातच आले नाही.

बेळगावात परिचर्या महाविद्यालये कमी नाहीत. त्यांच्या विद्यार्थ्यांना खानापूर व निपाणीच्या सरकारी रुग्णालयांत दीर्घ शुश्रूषेसाठी राखीव खाटांवर काम द्यावे, मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांतील शुश्रूषेचे शब्द त्यांच्या प्रशिक्षणात घ्यावेत आणि सुरुवात प्रत्येक तालुक्यात दहा खाटांनी का होईना, पण याच वर्षी करावी, अशी जिल्हा प्रशासनाला विनंती आहे.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, शहापूर, बेळगाव