मातीतला जिवाणू आणि मेंदूतले गळू

महोदय,

मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरच्या काळजीविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख उपयुक्त असला, तरी त्यात नोकार्डिया या मातीतल्या जिवाणूचा उल्लेख नाही, हे खटकले. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणाऱ्यांच्या फुप्फुसांत तो धुळीवाटे शिरतो आणि क्वचित रक्तावाटे मेंदूत जाऊन तेथे गळू करतो. असे प्रत्यारोपण झालेल्या माझ्या थोरल्या भावाला कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) खत घालून आल्यानंतर महिनाभर बारीक खोकला होता; पुढे हातातून चहाचा कप निसटू लागला, आणि स्कॅनमधला डाग पाहून प्रथम क्षयाचीच औषधे सुरू झाली. निदानातली अडचण मला मान्य आहे. हा जिवाणू प्रयोगशाळेत सावकाश वाढतो, त्यामुळे नमुना नेहमीपेक्षा अधिक दिवस ठेवण्यास डॉक्टरांनी आगाऊ कळवावे लागते; मेंदूत पसरल्यावर उपचारही साधारण वर्षभर चालतात. म्हणूनच अशा रुग्णांना घरी सोडताना, मातीत काम करणे टाळावे, अगदीच करावे लागले तर मास्क व हातमोजे वापरावेत आणि खोकल्यापाठोपाठ डोकेदुखी किंवा हातापायांत अशक्तपणा आल्यास त्वरित यावे, एवढ्या ओळी मराठी-कोकणीत लिहून द्याव्यात. आमच्या हाती पडलेला कागद चार पानी होता, पण सगळा इंग्रजीत.

– एक वाचक, फोंडा