फडात पिल्लं दिसताच कोयता थांबवणाऱ्यांना

प्रति,
जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर भागात ऊसतोडीला येणारे सगळे दादा, ताई आणि मुकादम

रामराम.

फडात बिबट्याची पिल्लं सापडली की बातमीत वनखातं येतं, डॉक्टर येतात, रात्री कॅमेऱ्यात दिसलेली आई येते. तुम्ही कुठेच नसता. पण पिल्लू आईकडे जाणार की जन्मभर पिंजऱ्यात राहणार, याचा निम्मा निकाल आम्ही, पिल्लं आईकडे पोचवणारे, तिथे यायच्या आधी, पहिल्या पंधरा मिनिटांतच लागलेला असतो. तो तुमच्या हातून लागतो, म्हणून हे आभार.

आडसाली ऊस 16 ते 18 महिने उभा असतो. गारवा, पाणी, आडोसा आणि जवळच्या वस्तीवर कुत्री, शेळ्या. मादी तिथेच विते, बहुतेकदा दोन-तीन पिल्लं. त्यांचे डोळे उघडायला दहा दिवस जातात. तोड बांधाकडून आत सरकते तशी लपायची जागा आक्रसत जाते आणि पिल्लं बहुधा उरलेल्या पट्ट्यात दिसतात. माणसांच्या नि ट्रॅक्टरच्या आवाजाने आई शेजारच्या फडात सरकलेली असते. टाकून गेलेली नसते. पिल्लं हलवते तीही एकेक, तोंडात धरून. त्यामुळे एकटं पिल्लू दिसलं म्हणून ते पोरकं होत नाही.

तुम्ही काय केलंत? कोयते थांबवले. पिल्लू उचललं नाही. त्या सरीतल्या उभ्या उसाला फडकं बांधून खूण केली आणि सगळे मागे आलात, पण पाठ फिरवून पळाला नाहीत. मुकादमांनी ट्रॅक्टर बंद करायला लावला, पाचट पेटवू दिलं नाही, बघ्यांना बांधावरच अडवलं. यातली एकेक गोष्ट मोलाची. आई परत येते ती पिल्लं ठेवली होती त्या जागी. ‘इथेच कुठेतरी होती’ एवढंच कळलं तर आमची संध्याकाळ अंदाजात जाते. तुमचं फडकं थेट सरी दाखवतं.

दूध न पाजल्याबद्दल वेगळे आभार, कारण माया म्हणूनच ही चूक सगळ्यात जास्त होते. गाई-म्हशीच्या दुधाने पिल्लाला हगवण लागते. मांडीवर उताणं घेऊन पाजलं तर दूध फुप्फुसात उतरतं, आणि त्यानंतरचा न्यूमोनिया एवढ्याशा जिवाला झेपत नाही. माणसाचा हात लागला की आई पिल्लू घेत नाही, ही समजूत मात्र खरी नाही. हात लागलेली पिल्लंही आया नेतात. पिल्लू गावात नेऊन फोटोसाठी हातोहात फिरवलं, तर मात्र जागाही सुटते आणि पिल्लू दमून गारठतं. फारच लहान पिल्लाला अंगाची ऊब स्वतः टिकवता येत नाही.

पुढचं काम आमचं. डॉक्टर नर-मादी बघतात, वजन घेतात, कानामागचे गोचीड काढतात. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडतात. ती लगेच सपाट झाली तर ठीक, तशीच उभी राहिली तर अंगातलं पाणी कमी झालंय. दिवस मावळायच्या सुमारास पिल्लं भोकं असलेल्या क्रेटमध्ये घालून त्याच खुणेवर ठेवतात. तेवढा भाग तोडून झाला असेल तर लगतच्या उभ्या उसाच्या कडेला. आजूबाजूला कॅमेरे लावून सगळी माणसं लांब जातात. बॅटरी नको, गाडीचे दिवे नकोत, गप्पा नकोत. आई येते, क्रेट कलंडवते आणि एकेक पिल्लू उचलून नेते. नाही आली तर पिल्लं काढून घेऊन पुढच्या रात्री पुन्हा ठेवायची. कधीकधी दोन-तीन रात्री जातात.

पिल्लं हरवलेली मादी त्याच भागात ओरडत, शोधत फिरते. तिला पकडून लांब सोडा, असं लोक म्हणतात. जुन्नर वनविभागात ते करून झालंय. 1993 ते 2001 या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे. 2001 नंतर मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, तेव्हा ते वर्षाला सतरावर गेले. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडे मांडले आहेत. पिल्लं जागेवरच आईला मिळाली की तिला पकडायची वेळ येत नाही. म्हणजे तुम्ही राखलेली ती सरी शेजारच्या वस्तीवरची पोरंही राखते.

आणि हे सगळं तुम्ही टनावर मजुरी असताना करता. एक पट्टा दोन दिवस उभा राहिला की एका कोयत्याचा, म्हणजे नवरा-बायको दोघांचा, रोज बुडतो. कारखान्यांना आणि शेतकऱ्यांना आमचं कळकळीचं सांगणं आहे: पिल्लं निघाली की त्या टोळीला त्याच दिवशी दुसरा फड द्या. उशीर झाला म्हणून मुकादमाला बोल लावू नका.

तुमच्या लेकरांची काळजी आम्हालाही वाटते. पहाटे अंधारात तोडीला जाता तेव्हा लहान मूल उसाच्या कडेला झोपवू नका. मोकळ्या, तोडलेल्या भागात ठेवा आणि एक मोठं माणूस जवळ बसवा. राहायच्या कोप्या उभ्या उसापासून शक्य तितक्या लांब घाला. कोपीजवळ कुत्री, कोंबड्या मोकळ्या असल्या की बिबट्या त्यांच्या मागे दारापर्यंत येतो. बाहेरच्या बाजूला दिवा राहू द्या. रात्री परसाकडे जाताना बॅटरी घ्या, एकटं जाऊ नका आणि बोलत जा.

वनखात्याचा नंबर 1926 आहे, पैसे पडत नाहीत. गावाचं नाव, गट नंबर किंवा शेतमालकाचं नाव आणि पिल्लं किती, एवढं सांगितलं तरी पुरे. रानमांजराची पिल्लंही उसात सापडतात आणि लहानपणी फसवतात. ओळख पटवायला जवळ जाऊ नका, तसाच फोन करा.

तुमचे ऋणी,
पिल्लं आईकडे पोचवायचं काम करणारे आम्ही सगळे