सावली हरवायच्या आत ये

नागपूर,
५ मे

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू दोन प्रश्न विचारलेस आणि तेवढ्यात तुझं स्टेशन आलं. मे महिन्यात पोराला नागपूरला पाठवू का, हा पहिला. आणि त्या भट्टीत तुम्ही दिवसभर पोट्ट्यांचं करता तरी काय, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर एका शब्दात आहे. पाठव. दुसऱ्याला मात्र पत्रच लागेल.

तीन वर्षांपूर्वी थोरला सात वर्षांचा होता. त्याने मागच्या खोलीच्या सावलीतल्या भिंतीवर थर्मामीटर टांगला आणि एक वही आखली. तारीख, दुपारी दोनचा पारा आणि ‘बाबांचा अंदाज’ असे तीन रकाने. रोज रात्री तो वही घेऊन यायचा, "बाबा, उद्या किती?" मी मोबाइलमध्ये डोकं घालून "थांब, सांगतो" म्हणायचो. दिवाळीच्या साफसफाईत ती वही हाती आली. चार तारखा, चार आकडे, आणि तिसरा रकाना कोरा. पाचव्या दिवशी त्याने लिहिणंच सोडलं होतं. बंड्या, त्या उन्हाळ्यात मी दोन्ही पोरांना एका महागड्या शिबिरात घातलं होतं आणि बाप म्हणून आपलं काम झालं असं समजत होतो. त्या कोऱ्या रकान्याने मला जे लागलं ते अजून गेलेलं नाही.

तेव्हापासून शिबिर बंद. आता जेवताना सगळे अंदाज सांगतात, आईसुद्धा. दुसऱ्या दिवशी पेपरातला आकडा बघून कोण जवळ आलं ते ठरतं. यातून पोरगा किती शिकला म्हणून सांगू! पारा उन्हात ठेवून मोजायचा नसतो, सावलीत हवेचा मोजायचा असतो, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. २०२४च्या मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखवले आणि गावभर खळबळ उडाली. हा म्हणाला, "बाबा, २०१३ला ४७.९ झालं होतं, एकदम आठ अंश कसं वाढेल?" मागाहून यंत्रातच दोष निघाला. त्या रात्री पोरगा दोन पोळ्या जास्त जेवला.

आता दिवस कसा जातो ते सांगतो. साडेपाचला उठायचं, कारण बाहेरचं जे काही करायचं ते नऊच्या आत. कधी अंबाझरी तलाव, कधी सेमिनरी हिल्सची टेकडी. एखाद्या रविवारी अंधारातच निघून रामटेकचा गड. एकदा मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात नेलं. आपण इतवारीहून छिंदवाड्याला ज्या छोट्या गाडीने जायचो तसली इंजिनं तिथे उभी आहेत. आपण खिडकीतून कोळशाची कणी डोळ्यात जाईस्तोवर डोकं काढून बसायचो, ते मी सांगितलं. धाकटी विचारत राहिली, "मग बंडूकाका रडले का?" ते तू येऊन सांग.

पण खरी मजा गच्चीवरच्या कुरडयांची. आई गहू तीन दिवस भिजत घालते, रोज पाणी बदलते, मग वाटून, गाळून, निवळून चीक काढते. पहाटे मोठ्या गंजात तो शिजायला लागला की पोट्टे अंथरुणातून आपोआप उठतात. गरम चीक वाटीत, वर साखर आणि दूध. हा नाश्ता खाल्लेला माणूस जन्मभर विसरत नाही, तू विसरलास का? मग सोऱ्या घेऊन वर. दांडा फिरवायला थोरला, कापड ताणून धरायला धाकटी, आणि वाकडीतिकडी कुरडई पडली की आई म्हणते, "राहू दे, तळली की कोणाला कळतंय." या दोन तासांत पोरं जेवढं बोलतात तेवढं वर्षभरात बोलत नाहीत. हात कामात असले की त्यांची तोंडं सुटतात. शाळेतलं भांडण, अंधाराची भीती, सगळं मला त्या गच्चीवरच कळलं.

अकरा ते पाच दारं बंद. कूलर, कैरीचं पन्हं, पत्ते, झोप. वहिनींना उन्हाची काळजी आहे ती रास्त आहे, पण त्यांना सांग की या वेळेत आमच्याकडे कोणी उंबरा ओलांडत नाही. अपवाद फक्त एका दिवसाच्या पाच मिनिटांचा, तो पुढे सांगतो. कूलरचं एकच कडक बजावून ठेव. प्लग काढल्याशिवाय टाकीला कोणी हात लावायचा नाही, आणि पाणी मोठ्यांनीच भरायचं. वाळ्याच्या नव्या ताट्या मात्र पोरांनी बसवायच्या. पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं म्हणून गार वाटतं, आणि जूनमध्ये हवा दमट झाली की तोच कूलर नुसता चिपचिपा करतो, हे त्यांना कळलंय.

आता मुख्य गोष्ट. २६ मेला नागपुरात दुपारी बारा-दहाच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, नुकताच लागलेला असतो. गेल्या वर्षी आम्ही गच्चीवर पाइपचा एक तुकडा ओळंबा धरून उभा केला. पायात चपला, डोक्याला ओला दुपट्टा, फक्त पाच मिनिटं. पाइपची सावली आखडत आखडत आत शिरली. धाकटी एक पाय उचलून आपली सावली शोधत होती, मग मला म्हणाली, "बाबा, तुमचीपण गेली." आम्ही तिघं कडाक्याच्या उन्हात, पण कोणाचीच सावली नाही. तो क्षण मी कशाशीही बदलणार नाही.

तुमचं पुणं दक्षिणेला, त्यामुळे तिथे हे आधी घडतं, १३-१४ मेच्या आसपास, साडेबाराच्या सुमारास. सूर्य उत्तरेकडे सरकत येतो आणि बारा-तेरा दिवसांनी आमच्याकडे पोचतो. म्हणजे तुझ्या पोराला एकाच महिन्यात दोनदा आपली सावली हरवलेली बघता येईल. पहिली पुण्याला, तुझ्यासोबत. त्यासाठी ऑफिसातून अर्धा दिवस काढ. दुसऱ्या कोणा मोठ्याला सोबत राहायला सांगू नकोस, तूच थांब. दुसरी इथे.

आमच्या शाळा तुमच्यापेक्षा उशिरा, जूनअखेरीस उघडतात, तेव्हा परतीची घाई आमच्याकडून नाही. आणि शक्य असेल तर पोराला एकट्याला पाठवू नकोस, तूही ये. थोरल्याने यंदाच्या वहीत आधीच दोन नवे रकाने आखलेत. एकावर तुझ्या पोराचं नाव आहे, दुसऱ्यावर ‘बंडूकाका’.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या